वरच्या फ्लॅटमधून पाणी, खालच्या घराचं नुकसान आणि विमा कोणाचाच नाही: भरपाई कोणी द्यायची?

केतकी_मुलुंड

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमची सात मजली सोसायटी आहे, नव्वदच्या दशकात बांधलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गणपतीत वरचे काका-काकू गावी गेले होते. त्यांच्या वॉशिंग मशीनला पाणी देणारा पाइप नळाच्या तोंडाशी फाटला आणि रात्रभर पाणी वाहत राहिलं. पहाटे आमच्या हॉलच्या छतातून धार लागली तेव्हा कळलं. वॉचमनने गच्चीवर जाऊन त्यांच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, पण तोवर हॉल आणि आतली खोली दोन्ही भिजल्या होत्या.

पीओपीचं छत खाली आलं. भिंतीतलं वॉर्डरोब प्लायवुडचं आहे, ते फुगलं. एका भिंतीतलं वायरिंग गेलं. टीव्हीही गेला. कॉन्ट्रॅक्टरने १ लाख ८५ हजारांचा अंदाज दिलाय.

काकांचं म्हणणं, "पाइप काही आम्ही फाडला नाही. आम्ही घरात नव्हतो. यात आमचा काय दोष? तुम्ही घराचा विमा काढायला हवा होता." सेक्रेटरी म्हणतात, हा दोन सभासदांचा आपसातला विषय आहे, सोसायटी यात पडणार नाही. घराचा विमा ना आमचा आहे, ना त्यांचा.

काका-काकूंशी आमचे फार जुने संबंध आहेत. माझी मुलगी त्यांच्याकडेच वाढली म्हटलं तरी चालेल. मला कोर्टकचेरी नको आहे. पण एवढा खर्च गिळून गप्पही बसवत नाही. कायद्याने जबाबदारी नक्की कोणाची? विमा नसल्याने त्यात फरक पडतो का?

स्थापत्य_ठाणे

ताई, पैशांचं नंतर बघू. त्या भिंतीचा एमसीबी (तिथली वीज तोडणारा स्विच) बंदच ठेवा, आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय चालू करू नका. वरून कोरडी दिसणारी भिंत आत बरेच दिवस ओली राहते.

भिजलेलं पीओपी काढून टाका, वॉर्डरोब भिंतीपासून सुटं करा, पंखे लावून खोली वाळू द्या. त्याआधी सगळ्याचे फोटो काढा, तारखेसकट. वरच्यांनी तो फाटलेला पाइप फेकला नसेल तर तो जपून ठेवायला सांगा, आणि त्याचाही फोटो घ्या.

दत्ता_लोअरपरळ

चाळीत होतो तेव्हा वरून पाणी आलं की वरची माणसं स्वतः खाली येऊन पुसायची. फ्लॅटमध्ये आलो आणि सगळे नोटिशीची भाषा बोलायला लागले. ताई, आधी काकूंशी बोला.

वकील_गिरगाव

केतकीताई, प्रश्न नीट मांडलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमा नसल्याने जबाबदारी इकडची तिकडे होत नाही. पैसे आधी कोणाच्या खिशातून जातील एवढंच विम्याने ठरतं. चूक कोणाची, हा प्रश्न वेगळाच राहतो. तुमच्याकडे विमा असता तर कंपनीने तुम्हाला पैसे दिले असते आणि तुमच्या जागी उभं राहून ते काकांकडून वसूल करण्याचा हक्क तिला मिळाला असता. म्हणजे "तुम्ही विमा काढायला हवा होता" हे काकांचं कायदेशीर उत्तर होऊच शकत नाही.

मात्र पाणी वरून आलं एवढ्यावरच वरचा माणूस आपोआप दोषी ठरत नाही, आणि लोक इथेच फसतात. १८६८ सालचा इंग्लंडमधला रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा निकाल कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. जमिनीवर साठवलेलं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत घुसलं, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदारी आली. खालच्या मजल्यावरचे लोक त्याचाच आधार घेतात. पण १९१३ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे (वसाहतींमधली शेवटची अपिलं ऐकणारं लंडनमधलं न्यायपीठ) रिकार्ड्स विरुद्ध लोथियन हा खटला आला. मेलबर्नच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ कोणीतरी मुद्दाम उघडून निचरा बंद केला होता आणि खालच्या भाडेकरूचा माल भिजला. कौन्सिलने सांगितलं की घरात नेहमीच्या वापरासाठी पाणी आणणं हा जागेचा स्वाभाविक वापर आहे, त्याला तो कडक नियम लागत नाही. त्यामुळे घरगुती पाण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

काका घरात नव्हते म्हणून ते सुटत नाहीत. उलट कोर्ट विचारेल की इतके दिवस बाहेर जाताना मशीनचा नळ बंद का केला नाही? पाइप किती जुना होता? त्याला भेगा दिसत होत्या का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांना आधी कल्पना होती का? यापूर्वी कधी त्या जागी ओल दिसली होती का? दिसली असेल तर तुम्ही त्यांना कळवलं होतं का?

केतकी_मुलुंड

हो. जूनमध्ये बरोबर त्याच जागी ताटलीएवढा डाग आला होता. मी काकांना फोटोसकट व्हॉट्सॲप केला होता. "बघतो" असं उत्तर आलं. पुढे डाग वाळला आणि विषय राहून गेला. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे.

वकील_गिरगाव

मग सगळ्या प्रकरणात तो एक मेसेज सर्वात वजनदार. पूर्वसूचना मिळाल्यावर दुर्लक्ष केलं, हे निष्काळजीपणा दाखवायला फार उपयोगी पडतं. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. उद्या कोर्टात वापरायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून चालत नाही.

तुम्हाला भांडायचं नाही हे कळतंय. तरीही कागद जपा. तडजोड करायलाही हातात कागद लागतो.

वरचा_मजला_बोरिवली

दुसरी बाजूही ऐका. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खालच्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आली की दोषी आम्हीच. त्यांच्या आग्रहाखातर आम्ही बाथरूम फोडलं, नवं वॉटरप्रूफिंग केलं, टाइल्स बदलल्या, सगळं स्वतःच्या पैशाने. पुढच्या पावसाळ्यात डाग तिथेच. शेवटी एका इंजिनियरने बाहेरच्या भिंतीला परांचीवरून उतरून पाहिलं. खिडकीच्या छज्जाच्या वर भेग होती. पावसाचं पाणी तिथून आत शिरून स्लॅबमधून त्यांच्या छतात उतरत होतं. आमच्या बाथरूमचा काडीचाही संबंध नव्हता.

बाहेरची भिंत सोसायटीची असते. मग आमच्या बाथरूमचा खर्च कोणी द्यायचा? सोसायटीने द्यायला नकार दिला आणि खालच्यांनी तर "आम्ही काय तुम्हाला फोडायला सांगितलं होतं का" असं विचारलं. माणसं तीच असतात, पण ओल आली की त्यांचं वागणं बदलतं. त्याचं वाईट वाटतं. आधी कारण शोधा, मग बोट दाखवा.

स्थापत्य_ठाणे

वरच्या दादांची व्यथा अगदी खरी आहे आणि मुंबईत ती रोज दिसते. तपासणीचा क्रम नीट पाळला तर असले खर्च टळतात.

सगळ्यात आधी पाहायचं, ओल फक्त पावसाळ्यात वाढते की बारा महिने असते? पावसाळ्यातच वाढत असेल तर गच्ची, छज्जा, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, खिडकीची चौकट इथून सुरुवात करावी. बारा महिने असेल तर आतले पाइप किंवा बाथरूम. वर सगळे नळ बंद असतानाही ओल वाढत असेल तर दाबाखालची पाण्याची लाइन फुटलेली असते. आंघोळी झाल्यावरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचं सांडपाण्याचं तोंड) किंवा सांडपाण्याचा पाइप. बाथरूमवर संशय असेल तर ट्रॅप बंद करून फरशीवर दोन-तीन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवतात. पाण्यात रंग टाकला की खाली कुठून उतरतं ते स्पष्ट दिसतं. फ्लश टाकीतही रंग टाकून बघावा. या सगळ्यासाठी एकही टाइल फोडावी लागत नाही.

जुन्या इमारतींमध्ये आणखी एक पेच असतो. वरच्याच्या बाथरूमचा ट्रॅप आणि आडवा पाइप बऱ्याच ठिकाणी खालच्याच्या छताखाली लोंबतो. पाइप वरच्याचा, पण दुरुस्तीला जागा खालच्याच्या घरात. त्यात खालच्याने पीओपी करून तो झाकून टाकलेला असतो. मग वरचा म्हणतो, छत उघडून द्या. खालचा म्हणतो, छत परत करून दे. माझ्या अनुभवात यावर भांडणाऱ्यांनी महिनोन्‌महिने पाणी टपकू दिलंय आणि शेवटी स्लॅबच्या सळ्या गंजल्यात. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते, काँक्रीटला आतून फोडते आणि पोपडे खाली पडतात. तिथून पुढे हा दोन घरांचा प्रश्न राहत नाही, इमारतीचा होतो. तीस वर्षं झालेल्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावंच लागतं, आणि तेव्हा त्या अहवालात नेमकी हीच बाथरूमं सापडतात.

आतल्या दुरुस्तीच्या कामांबद्दलही सांगतो. वरचे लोक बाथरूम नवं करतात तेव्हा कामगार जुन्या टाइल्सबरोबर खालचा ब्रिकबॅट कोबाही (विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा थर) फोडून काढतात, आणि वॉटरप्रूफिंग न करता त्यावर नव्या टाइल्स बसवून जातात. वरून बाथरूम चकचकीत, खाली गळती सुरू. काम चालू असताना पाणी साठवून चाचणी घेतल्याशिवाय टाइल्स लावू देऊ नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

सचिव_विलेपार्ले

मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव होतो, म्हणून केतकीताईंच्या सेक्रेटरींबद्दल लिहिणं भाग आहे. "आपसातला विषय" म्हणून हात झटकणं बरोबर नाही.

सहकार खात्याचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, काढून दुरुस्तीचं कलम वाचा. २०१४ च्या प्रतीत ते १५९ क्रमांकाच्या आसपास आहे, आपापल्या सोसायटीच्या नोंदणीकृत प्रतीप्रमाणे क्रमांक थोडा पुढेमागे असेल. गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरचे सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, पाण्याच्या टाक्या, पावसाच्या पाण्याची गळती, हे सगळं सोसायटीच्या खर्चाने. गच्चीतून पाणी येऊन सर्वात वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला तर तोही सोसायटीने करून द्यायचा. टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती मात्र संबंधित फ्लॅटधारकांच्या खर्चाने, आणि तीही सोसायटीच्या मध्यस्थीने. मध्यस्थी उपविधीतच सांगितलेली आहे, त्यामुळे समितीला ती टाळता येत नाही.

आमच्याकडे लेखी तक्रार आली की समितीचे दोघे, सोसायटीचा प्लंबर आणि दोन्ही घरातलं एकेक माणूस अशी संयुक्त पाहणी व्हायची. जागेवरच पाहणीचा कागद लिहायचा, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. वरच्याने घर उघडून दिलं नाही तर समिती रीतसर नोटीस देऊन पाहणी करू शकते, आणि सभासद स्वतःची दुरुस्ती करत नसेल तर ती करून घेऊन खर्च त्याच्या बिलात लावू शकते. तो थकवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मागता येतो. एक लक्षात घ्या, हे दुरुस्तीच्या खर्चापुरतं. तुमच्या वॉर्डरोबची आणि टीव्हीची भरपाई सोसायटी वसूल करून देऊ शकत नाही.

मीनल_अंधेरी

आमचा अंधेरीचा फ्लॅट भाड्याने दिलाय, आम्ही पुण्यात असतो. एकदा पाणीकपातीच्या दिवशी भाडेकरूने नळ उघडून बघितला, पाणी नव्हतं, तसाच उघडा ठेवून तो ऑफिसला गेला. दुपारी टाकी भरली आणि खालच्या घरात पाणी. खालच्यांनी आमच्याकडे भरपाई मागितली. चूक भाडेकरूची असताना आम्ही का द्यायची?

वकील_गिरगाव

मीनलताई, कोर्टात निष्काळजीपणा ज्याचा त्याचा. नळ भाडेकरूने उघडा ठेवला, तर खालच्या शेजाऱ्यापुढे भरपाईची मूळ जबाबदारी त्याची. पण सोसायटीचे सभासद तुम्ही आहात. समिती तुमच्याशीच बोलणार, आणि गळती दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही तुमच्याकडेच येणार. त्यामुळे व्यवहारात मालक आधी देतो आणि डिपॉझिटमधून वळते करून घेतो. पुढच्या वेळी लीव्ह अँड लायसन्स करारात हे स्पष्ट लिहून घ्या. करार नोंदणीकृत असतोच, दोन ओळी वाढल्या की काम झालं.

पाणीकपातीनंतर उघडा राहिलेला नळ हे मुंबईतलं सर्वात सरळ प्रकरण आहे. तिथे पाइप जुना की नवा हा वादच उरत नाही.

विमा_प्रतिनिधी_डोंबिवली

विम्याबद्दल बरेच गैरसमज दिसतात, म्हणून लिहितो. मी कोणत्याही कंपनीची जाहिरात करत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ, पूर यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटून किंवा भरून वाहून होणारं नुकसानही त्यात आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामान्य वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. केतकीताईंसारखी घटना, म्हणजे एका रात्रीत पाइप फुटणं, या प्रकारात बसते. महिनोन्‌महिने झिरपणारी ओल बसत नाही. ती देखभालीची बाब धरली जाते.

आणखी एक, ही पॉलिसी तुमच्या स्वतःच्या घराची आहे. तुमच्या पाण्याने खालच्याचं नुकसान झालं तर ते त्यात येत नाही. त्यासाठी तिसऱ्या पक्षाच्या जबाबदारीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि पॉलिसीत ते आहे का हे लेखी विचारावं. मुंबईत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने हे विचारावं असं मला मनापासून वाटतं.

ताई, सोसायटीची पॉलिसीही पाहा. उपविधीप्रमाणे सोसायटीने इमारतीचा विमा काढायचा असतो. बहुतेक समित्या आगीपुरता समजून तो फाइलमध्ये ठेवून देतात. त्यात पाइप फुटण्याचा धोका लिहिलेला असेल तर छताचा गिलावा आणि वायरिंग यांचा दावा सोसायटीमार्फत होऊ शकेल. पण लवकर कळवा. उशीर झाला की सर्वेअरला, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याला, पाहायला काही उरत नाही.

न्यूजर्सीची_स्मिता

इथे अमेरिकेत कॉन्डोमध्ये असं झालं की सहसा आधी विमा कंपन्याच एकमेकींशी बोलतात. इमारतीसाठी असोसिएशनची मास्टर पॉलिसी असते, आणि घराच्या आतल्या भागासाठी, सामानासाठी व शेजाऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीसाठी मालकाची वेगळी पॉलिसी, जिला इथे एचओ-६ म्हणतात. कित्येक असोसिएशन ती सक्तीची करतात. पण ज्याने ती घेतली नाही त्याचं काय, तर बहुतेक ठिकाणी तेच उत्तर जे वकीलदादांनी दिलं: वरच्याचा निष्काळजीपणा दिसला तर तो देतो, नाही दिसला तर नुकसान ज्याचं त्याचं. निष्काळजीपणा नसताना आपला विमाच कामी येतो, हे मात्र सगळीकडे खरं.

दत्ता_लोअरपरळ

इथे सगळे कायद्याचं बोलतायत. मी पैशांचं विचारतो. वॉर्डरोब समजा बारा वर्षांचा, भरपाई नव्याची मागणार? हे मला पटत नाही. आणि टीव्ही तर आज ना उद्या बदलायचाच होता.

वकील_गिरगाव

दत्ताभाऊ, रास्त मुद्दा. नुकसानीआधी जिथे होतात तिथे परत आणणं हे भरपाईचं तत्त्व. जुन्या वस्तूच्या जागी नवी आली की वयाप्रमाणे घसारा वजा होतो. पण छताचा गिलावा, वायरिंग, रंग यांना "अर्धा जुना गिलावा" असं काही मिळत नाही, त्यामुळे तिथे पूर्ण खर्च मागणं योग्य. घरातच पाणी जिरू देऊन नुकसान वाढवलं असेल तर तेवढा भाग मिळत नाही. म्हणून स्थापत्यदादांनी वाळवायला सांगितलं ते पैशांच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे.

केतकीताईंच्या अंदाजपत्रकाचे तीन भाग पाडा: घराचा स्थिर भाग, फर्निचर, वस्तू. एकच मोठा आकडा समोर ठेवला की समोरचा माणूस दडपतो आणि नाही म्हणतो.

वरचा_मजला_बोरिवली

काकांच्या बाजूनेही एक. निवृत्त माणसाला पावणेदोन लाख एकदम जमत नाहीत. नकाराच्या आड बऱ्याचदा भीती असते.

केतकी_मुलुंड

दादा, हे मनाला लागलं. मी त्या दृष्टीने विचारच केला नव्हता. काका निवृत्त आहेत आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन यंदाच झालंय.

तडजोड झाली नाही तर दाद कुठे मागायची, हेही एकदा सांगाल का? म्हणजे डोक्यात स्पष्ट राहील.

वकील_गिरगाव

थोडक्यात. सभासद आणि सोसायटी यांच्यातला दुरुस्ती-गळतीचा वाद सहकार कायदा १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. उपविधींमधल्या तक्रारींच्या तक्त्यातही गळती तिथेच टाकली आहे, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे नाही. लोक उपनिबंधकांकडे खेटे घालतात आणि अर्ज परत येतो. फक्त शेजाऱ्याकडून पैशांची भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा, कारण कलम ९१ ला सोसायटीच्या कारभाराशी संबंध लागतो आणि दोन सभासदांच्या निव्वळ पैशांच्या वादात तो आहे का, यावर वकील भांडतात. सोसायटीने गच्ची किंवा सामाईक पाइपची दुरुस्ती टाळली तर सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडेही सभासद जातात. इमारत नवी असेल तर रेरा (विकासकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुमच्या इमारतीला ते लागू नाही.

गळती चालूच असेल तर मुदत कायदा १९६३ च्या कलम २२ प्रमाणे दाव्याची मुदत रोज नव्याने सुरू होते. तुमची घटना एका रात्रीची आहे, तिथे ही सवलत नाही, म्हणून फार वर्षं थांबू नका. लोकअदालतीत दावा दाखल होण्याआधीही तडजोड नोंदवता येते, ती वाट तुमच्यासारख्यांना बरी.

सचिव_विलेपार्ले

ताई, समितीला एक पत्र द्या आणि संयुक्त पाहणी मागा. पत्रात आरोप नको. घटना, तारीख, जूनचा मेसेज, नुकसानीचे फोटो, "उपविधीप्रमाणे मध्यस्थी करावी" एवढंच. पोच घ्या. समितीसमोर बसलं की काकांनाही तोंडघशी पडल्यासारखं वाटत नाही. शेजाऱ्याने मागितलं म्हणून द्यावं लागलं यापेक्षा समितीने सुचवलं म्हणून दिलं, हे माणसाला पचतं.

केतकी_मुलुंड

मंडळी, रविवारी बैठक झाली, म्हणून कळवते.

समितीने प्लंबर आणला होता. पाइप काकांनी ठेवला होता. त्याचं रबर कडक होऊन नळाजवळ चिरलेलं सगळ्यांनी बघितलं. मी जूनचा मेसेज दाखवला, पण भांडणासाठी नाही असं आधीच सांगितलं. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गावी जाताना नळ बंद करायला हवा होता. त्यानंतर बोलणं सोपं झालं.

छत, वायरिंग आणि रंग यांचा पूर्ण खर्च काका देणार. वॉर्डरोबचा निम्मा. टीव्ही मी सोडून दिला. रक्कम हप्त्यांनी. सोसायटीच्या पॉलिसीत पाइप फुटणं खरोखर लिहिलेलं निघालं, त्यामुळे गिलाव्याचा दावा सचिवांनी विमा कंपनीला कळवलाय. तिथून काही मिळालं तर तेवढी रक्कम काकांच्या वाट्यातून कमी होईल, हे मीच सुचवलं. पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन विषय येणार: प्रत्येक फ्लॅटसाठी डक्टमध्ये वेगळा व्हॉल्व्ह, आणि गावी जाताना तो बंद करून वॉचमनकडे नोंद करायची पद्धत.

हे सगळं कागदावर कसं घ्यायचं? काका म्हणतात, शब्द दिला तेवढा पुरे.

वकील_गिरगाव

फार चांगलं झालं. काकांचा शब्द पुरेसाच आहे, पण विम्याच्या दाव्यासाठी आणि उद्या मुलांमध्ये गैरसमज नको म्हणून लिहून घ्या, हे त्यांना सांगा. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर समजुतीचा करार पुरतो. मजकूर साधारण असा:

"दिनांक ___ रोजी फ्लॅट क्र. ___ (पहिला पक्ष) मधील वॉशिंग मशीनचा पाइप फुटून फ्लॅट क्र. ___ (दुसरा पक्ष) चे नुकसान झाले. समितीसमक्ष झालेल्या पाहणीनंतर उभय पक्षांनी सामोपचाराने ठरवले की छत, वायरिंग व रंगकामाचा प्रत्यक्ष बिलाप्रमाणे खर्च आणि वॉर्डरोबच्या खर्चाचा अर्धा भाग पहिला पक्ष दुसऱ्या पक्षास ___ हप्त्यांत देईल. सोसायटीच्या विमा पॉलिसीतून या कामांपोटी रक्कम मिळाल्यास तेवढी रक्कम पहिल्या पक्षाच्या देण्यातून वजा होईल. शेवटचा हप्ता मिळाल्यावर या घटनेबाबत दुसऱ्या पक्षाची कोणतीही मागणी उरणार नाही."

मात्र सही करण्याआधी हा मसुदा सचिवांमार्फत विमा कंपनीला दाखवा. "मागणी उरणार नाही" हे वाक्य दावा मंजूर होण्याआधी लिहिलं तर कंपनीचा वसुलीचा हक्क बुडाला म्हणून ती दावा अडवू शकते. त्यांचं लेखी उत्तर आलं की मगच सह्या करा.

केतकी_मुलुंड

हप्ता उशिरा आला तर काय, तेही लिहायचं का? मला व्याज वगैरे नको आहे.

वकील_गिरगाव

व्याज नका लिहू. "हप्त्यास उशीर झाल्यास ३० दिवसांची सवलत राहील, त्यानंतर समितीसमोर पुन्हा बसून तारीख ठरवू" एवढं पुरे. दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक समितीचा. मूळ प्रत तुमच्याकडे, एकेक प्रत काकांकडे आणि सोसायटीच्या फाइलमध्ये.